वडे हवे तेवढे

कुणी मला काही फुकट द्यायला लागलं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघते. ही सवय मला गिरगावातल्या ऑफिसात लागली. तिथे मी विम्याचे कागद टाइप करण्यात अर्धं आयुष्य घालवलं आणि ऑफिस नवी मुंबईला हललं तेव्हा राजीनामा देऊन घरी आले. त्यामुळे चिंचपोकळी स्टेशनजवळच्या आमच्या गाळ्यात, ॲपवरून घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीची मुलगी पहिल्यांदा आली आणि "मॅडम, कुपन लावू या का?" म्हणाली, तेव्हा मी तिच्या दोन्ही हातांकडे नीट बघून घेतलं. एका हातात मोबाइल होता, दुसऱ्यात हेल्मेट. मुलगी साधी वाटली.

गाळा म्हणजे एक खोली आणि पुढे शटर. आधी तिथे शिंप्याचं दुकान होतं, त्यामुळे पहिले काही दिवस भिंतीच्या फटीतून टाचण्या निघायच्या. आम्ही तिथे जेवण बनवून विकायला लागलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी भागीदार. ती आमच्या बाजूच्या चाळीत राहते, माझ्यापेक्षा बरीच लहान आहे आणि मला ताई म्हणते. मी मालवणी, ती बौद्ध घरातली. माझ्या हातच्या वड्यांना आमच्या मजल्यावर मान होता आणि तिच्या मटणाला अख्ख्या गल्लीत. जयंतीला तिच्या घरी जेवलेला माणूस पुढच्या जयंतीपर्यंत त्या रश्श्याबद्दल बोलायचा.

ती लोअर परळला एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला होती. नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. मुलगी कॉलेजात. घर तिच्या पगारावर चालायचं. त्या पगारातून तिला मीच उठवून आणलं. "सोड ती नोकरी, मी आहे ना," असं मी जिन्यात उभी राहून म्हणाले आणि तिने खरंच सोडली. माझ्या शब्दावर कुणी नोकरी सोडेल असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. ऑफिसात माझ्या शब्दावर कुणी पंखासुद्धा बंद केला नव्हता.

तर कुपन. कंपनीची मुलगी स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि तिने मला सगळं समजावलं. मी तिला दोष देणार नाही, तिने काही लपवलं नाही. गिऱ्हाइकाला फोनवर मोठ्या अक्षरात दिसतं, अर्धी किंमत. त्याच्याखाली बारीक अक्षरात असतं की ही सूट अमुक रुपयांपर्यंतच. त्याहून बारीक अक्षरात असतं की ऑर्डर किमान तमुक रुपयांची हवी. आणि एका माणसाचं जेवण त्या किमान आकड्याला नेमकं थोडं कमी पडतं. मग तो माणूस सोलकढी घेतो. तरी थोडं कमी पडतं, मग खरवस घेतो. शेवटी ठरवलं होतं त्याहून जास्त पैसे देऊन, भूक होती त्याहून जास्त मागवून, आपण कंपनीला गंडवलं अशा आनंदात तो जेवायला बसतो.

"आणि ही सूट कुणाच्या खिशातून जाते?" मी विचारलं.

"थोडी आमच्या, बाकी तुमच्या, मॅडम."

"आणि तुमचं कमिशन?"

"ते वेगळं."

"मग मला काय उरणार?"

"व्हिजिबिलिटी," ती म्हणाली. म्हणजे आपलं नाव यादीत वर दिसणार. मग हळूच पुढे सरकून तिने धंद्यातली खरी गोष्ट सांगितली. "मॅडम, सगळे काय करतात सांगू? आधी भाव चढवतात, मग सूट देतात. कस्टमरला आधी आकडा दिसतो, डिश नंतर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. साड्यांच्या सेलमध्ये हा प्रकार मी तीस वर्षं बघितलेला. शिवाय आमचं निम्मं गिऱ्हाईक चाळीतलं. समोरच्या खोलीतल्या बाईने फोनवर चढवलेला भाव बघितला, तर जिन्यात मी तिला काय तोंड दाखवणार? मी स्पष्ट सांगितलं की भाव एकच राहील, कुपन लावायचं तर त्या भावावर लावा. मुलीने माझ्याकडे काळजीने बघितलं. भागीदारही बघत होती. पण गाळा नवा होता, माणसं यायला हवी होती, आणि आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की काही दिवस सोसू, चव लागली की लोक येत राहतील.

माणसं आली. पहिल्या ऑर्डरला म्हणून एक वेगळं कुपन असतं, नव्या गिऱ्हाइकासाठी. एका आठवड्यात लालबागच्या एकाच खोलीतून आम्हाला चार नवी गिऱ्हाइकं लाभली. सोमवारी मुलगा नवा, मंगळवारी सून नवी, मग सासरे नवे, आणि शेवटी गावाहून आलेल्या आत्याबाई. पत्ता तोच, सूचनाही तीच की बेल वाजवू नका, बाळ झोपलंय. भागीदार म्हणाली, "ताई, आता बाळाचा नंबर." आम्ही हसून घेतलं. माणसांचा तरी काय दोष, दार उघडं ठेवलं तर कुणीही आत येणारच.

मग आषाढाचा शेवटचा रविवार जवळ आला. श्रावण लागायच्या आधी आमच्याकडे घरोघरी सागोती-वडे होतात. सागोती म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा कोंबडीचा रस्सा, आणि वडे म्हणजे तांदूळ-डाळीच्या जाडसर पिठाचे हातावर थापून तळलेले, टम्म फुगणारे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. कंपनीची मुलगी पुन्हा आली आणि म्हणाली, "रविवार स्पेशल टाकू या. मॅडम, तुमच्याकडे असं काय आहे जे बाकीच्यांकडे नाही?"

मी विचार करत होते. भागीदार कणीक मळता मळता मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडे वडे मोजून वाढत नाहीत."

आणि ते खरंच होतं. माझ्या घरात पानात वडा संपायच्या आत दुसरा पडतो. तिच्या घरात भाकरीचं तेच. पाहुण्याला किती हवेत असं विचारणं म्हणजे त्याला उठ म्हणण्यासारखं. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी मुलीला म्हटलं, "लिही. सागोती, भात, सोलकढी आणि वडे हवे तेवढे." मुलीने टाइप केलं, फोटो लावला, वर अर्ध्या किमतीचं कुपन चिकटवलं. आम्ही तिघींनी एकमेकींकडे समाधानाने बघितलं. त्या वाक्यात काय लिहिलंय हे तिघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी कंपनीने ऑर्डरसाठी दिलेला टॅब्लेट वाजायला लागला. यजमान सेवानिवृत्त, त्यामुळे टॅब्लेट त्यांच्या ताब्यात. ते चष्मा वर करून ऑर्डर वाचून दाखवायचे. पहिली ऑर्डर एका माणसाच्या जेवणाची होती. खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं, वडे पंधरा.

"पंधरा?" मी विचारलं.

"पंधरा," ते म्हणाले. "व्हये तेवढे म्हणून तूच लिहिलंस."

दुसरी ऑर्डर एका जेवणाची, वडे वीस. तिसऱ्या माणसाने एक सागोती मागवली होती आणि लिहिलं होतं, आम्ही सहा जण आहोत, त्या हिशोबाने वडे. पुढच्याने नुसतंच लिहिलं होतं, पिशवी भरून. भागीदार तळत होती, मी थापत होते, तळहाताला तेल, कपाळाला पीठ. डबे मावेनात म्हणून वडे कागदी पिशव्यांत भरले. नेणारी माणसं दारात हेल्मेट घालून उभी, एकमेकांना विचारत होती की इथे आज काय फुकट वाटतायत का.

"ताई, ही माणसं खातायत का साठवतायत?" भागीदार म्हणाली.

यजमान म्हणाले, "बंद कर ता. सांग पाचच मिळतले."

"लिहिलंय तर द्यायचं," मी म्हणाले. माझा स्वभाव आडमुठा आहे, त्याला मी काय करू? पण दुपार व्हायच्या आत पीठ संपलं. मी चाळीत धावले. त्या दिवशी प्रत्येक घरात वड्यांचं पीठ होतं आणि नेमक्या त्याच दिवशी ते कुणीही देणार नव्हतं. एका मावशींनी एक वाटी दिली, तीसुद्धा "तुझ्या तोंडाकडे बघून" म्हणत. त्यातनं कितीसे वडे होणार? शेवटी टॅब्लेट बंद करावा लागला. घेतलेल्या ऑर्डर नाकाराव्या लागल्या आणि संध्याकाळपर्यंत फोनवर आमच्या नावाखाली लोकांनी लिहिलं, खोटारडे, फसवे, वड्यांचं आमिष दाखवून पळाले. मला रडू आलं. मी रागाने रडते, दुःखाने नाही, आणि त्या दिवशी दोन्ही होतं.

आम्ही गाळा धूत असताना भागीदाराचा फोन वाजला. कॅन्टीनचा कंत्राटदार होता. त्याच्याकडे नवा माणूस टिकत नव्हता, लोक मटणाबद्दल तक्रार करत होते. फोन ठेवून तिने मला सरळ सांगितलं, आडून नाही. "दसऱ्यापर्यंत जागा ठेवतो म्हणाला. पगार तोच. दसऱ्याला येऊन उत्तर घेईन म्हणाला."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही." तिने बादली उचलली. "ताई, मी तुमच्या शब्दावर आले. त्या ॲपच्या नाही."

त्या रात्री मी ठरवलं. दसऱ्याच्या आत या गाळ्यातून तिच्या हातात कॅन्टीनइतका पगार पडला पाहिजे. पडला नाही तर मी स्वतः तिला घेऊन कॅन्टीनच्या दारात जाईन. पण तशी वेळ मी येऊ देणार नव्हते.

पहिलं काम, सगळी कुपनं काढली. त्याबरोबर श्रावण लागला. आमची निम्मी गिऱ्हाइकं मांसमच्छी सोडून बसली आणि उरलेली जिथे सूट तिथे गेली. टॅब्लेट इतका गप्प झाला की यजमान तो उलटा करून बघायचे. मी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे चालू केले, आमच्याकडे श्रावणात तेच करतात. भागीदार म्हणाली, "आमच्यात श्रावण पाळत नाहीत. अर्ध्या परळात पाळत नाहीत. मटण बंद करायचं नाही." मग एका बाजूला माझं सांबारं शिजायचं आणि दुसऱ्या बाजूला तिचं मटण. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या, तेल वेगळं. माझ्या सोवळ्या नणंदेने येऊन नाक मुरडलं आणि जाताना सांबारं घेऊन गेली. पण तरीही धंदा बेतास बात. महिनाअखेर भागीदाराच्या हातात कॅन्टीनच्या पगाराचा निम्माही हिस्सा पडला नाही. तिने तो घेतला, पर्समध्ये ठेवला आणि वाटण वाटायला बसली.

कंपनीची मुलगी मधे येऊन गेली. "मॅडम, कुपन नाही तर तुम्ही लिस्टमध्ये खालीच जाणार. कुणाला दिसणारच नाही."

"नाही दिसलं तर नाही," मी म्हणाले. ती बिचारी हिरमुसली. मी तिला सांबारं-वडे खाऊ घातले, कारण राग तिच्यावर नव्हताच.

आणि मग एका दुपारी एक गृहस्थ गाळ्यावर आले. जवळच्या छापखान्यात कामाला होते, हाताला शाई. स्वतःचा स्टीलचा डबा पुढे करून म्हणाले, "मी तुमचं ते फोनवर वाचलं होतं. वडे हवे तेवढे. अजून आहे का?"

मी काही बोलायच्या आत भागीदार तडकली. तिच्या मनात महिनाभराचं साठलेलं होतं. झारा हातात घेऊन ती म्हणाली, "आहे. बोला, किती घालू?"

गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं. "चार," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "नाही, तीन पुरे."

तिने तीन घातले. तिचा राग कुठच्या कुठे गेला आणि तिला काय वाटलं कोण जाणे, चौथा वर ठेवला. "राहू द्या, राहू द्या," म्हणत त्यांनी डब्यावर हात आडवा धरला. तो आडवा हात बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तो हात मी जन्मभर बघत आले होते. पंगतीत वाढणारी बाई समोर आली की प्रत्येक माणूस पानावर असाच हात आडवा धरतो. वाढणारीने आग्रह करायचा, जेवणाऱ्याने नको म्हणायचं, मग एक घ्यायचा. हवे तेवढे ही आमची रीत चालते, कारण समोर वाढणारी उभी असते. फोनवर वाढणारी नसते. तिथे फक्त रकाना असतो, आणि रकान्याची कुणाला लाज वाटत नाही. चूक वाक्यात नव्हती. आम्ही ते भलत्या जागी लिहिलं होतं.

मी त्याच संध्याकाळी नळबाजारातून एक फळा आणला आणि शटरच्या बाहेर लावला. त्यावर खडूने लिहिलं, डबा घरून आणा, स्वतः या, जेवणाबरोबर वडे हवे तेवढे. भाव तोच.

यजमानांनी फळा वाचला आणि कपाळाला हात लावला. "गे, एकदा हात भाजले ते पुरे नाय झाले? तुका कित्याक व्हये हे उपद्व्याप? सगळा बुडतला, सांगान ठेवतंय."

"बुडू दे," मी म्हणाले. "बुडालं तर माझ्या हाताने बुडू दे." दसरा जवळ येत होता आणि मी पुन्हा तीच आरोळी ठोकत होते जिच्यामुळे आमचं नाक कापलं गेलं होतं. पण त्या आडव्या हातावर माझा विश्वास बसला होता.

भागीदाराने एकच अट घातली. वाढायला तीच उभी राहणार. आणि वाढताना तिने स्वतःची पद्धत बसवली. माणूस बोलेल तेवढे घालायचे, मग "आणखी?" विचारायचं, त्याने "बस" म्हटलं की एक वर ठेवायचा. त्या वरच्या वड्याने माणसाचा चेहरा असा खुलायचा की मला कुपनवाल्यांची कीव आली. तीन म्हणणारा चार घेऊन जायचा आणि आपल्याला खास दिलं असं समजायचा. खास दिलेलं होतंच. वडे गरम, थेट डब्यात, वाटेत नरम पडायचा प्रश्न नाही. नेणाऱ्याचं भाडं नाही, कमिशन नाही, कागदी खोक्याचा खर्च नाही. जे पैसे सूट म्हणून लोकांच्या फोनवर जळत होते, त्यातून वरचा वडा आरामात निघत होता.

लबाड आले नाहीत असं नाही. एकाने टोपाएवढा डबा आणला आणि म्हणाला, "पंधरा." मी गॅसमागून बघत होते, माझे हात शिवशिवत होते. भागीदाराने मात्र गोड हसून मोठ्या आवाजात एक, दोन, तीन करत पंधरा मोजले. मागच्या रांगेतल्या एका आजी म्हणाल्या, "अरे, लग्न काढलंस की काय घरात? आम्हाला बोलावणं नाही?" रांग हसली. गडी लाल होऊन गेला. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा छोटा डबा होता आणि त्याने पाच मागितले. भागीदाराने सहावा वर ठेवला, जसा सगळ्यांना ठेवायची तसाच.

गणपतीत आमच्या बाजूचे रस्ते गाड्यांना बंद होतात. दर्शनाच्या रांगा गल्लीगल्लीतून फिरतात आणि जेवण पोहोचवणाऱ्यांच्या मोटारसायकली आत येऊच शकत नाहीत. ॲपवाल्या सगळ्यांचे धंदे त्या दहा-बारा दिवसांत झोपले. आमच्याकडे मात्र माणसं चालत येत होती. मंडळाची पोरं बादलीएवढे डबे घेऊन यायची, पण आकडा सांगताना आधी आपसात कुजबुजायची. पितृपक्षात घरोघरी म्हाळाला वडे लागतात. ज्यांना आता घरी थापणं होत नाही, त्यांनी आमच्याकडे डबे आणून दिले. तेव्हा मी न विचारता नैवेद्याचे वेगळे काढून द्यायची.

कंपनीची मुलगी फळा बघून हरखली. "मॅडम, भारी आहे हे! आपण ॲपवर टाकू या ना."

"टाकता येणार नाही," मी म्हणाले. "टाकता येत नाही म्हणूनच चालतंय."

दोन दिवसांनी कामावरून परत जाताना ती थांबली, तेव्हा तिच्या हातात नवा कोरा डबा होता आणि त्यावरची चिकटपट्टी अजून निघालेली नव्हती.

नवरात्र लागलं. मी भागीदाराचा हिस्सा काढला. कॅन्टीनच्या पगाराला थोडा कमी पडत होता. थोडाच, पण कमी. मी ठरवलं होतं इतका, म्हणजे इतका. माझ्या वाट्यातलं घालून आकडा पुरा करायला मी निघाले, तर तिने माझा हात धरला. "ताई, हे नका करू. जेवढा आहे तेवढाच द्या. मला खरं कळू दे." मी दिला. तिने कधी नव्हे ते माझ्यासमोर मोजला, आणि पर्समध्ये ठेवला. दसऱ्याला काय सांगणार हे मी विचारलं नाही. विचारायला तोंड झालं नाही, असं म्हणा. कॅन्टीनला सुट्ट्या होत्या, दिवाळीला बोनस होता. माझ्याकडे एक फळा होता आणि खडूचा डबा. मी तिला माझ्या हट्टापायी अडकवून ठेवत नाहीये ना, या विचाराने मला त्या आठवड्यात धड झोप लागली नाही.

दसऱ्याच्या सकाळी शटरला झेंडूचं तोरण लावलं. झाऱ्याला, कढईला, फळ्याला हळदकुंकू लावलं. भागीदार नवी साडी नेसून आली होती आणि वर जुना ॲप्रन बांधला होता. सणाचा दिवस, रांग कोपऱ्यापर्यंत. मी वडे थापत होते आणि प्रत्येक पुरुषाच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण कंत्राटदाराला मी कधी पाहिलं नव्हतं.

तो आला तेव्हा मला कुणी सांगावं लागलं नाही. भागीदाराचा झारा हवेतच थांबला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात आपट्याची पानं. रांग सोडून तो सरळ पुढे यायला लागला, तर त्या आजी म्हणाल्या, "लाइनीत या हो, सण सगळ्यांना आहे." तो मुकाट मागे जाऊन उभा राहिला. तेवढ्या वेळात माझ्या हातून तीन वडे वेडेवाकडे झाले. रांग पुढे सरकत होती. भागीदार प्रत्येकाला विचारत होती, आणखी? आणि वर एक ठेवत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

त्याचा नंबर आला. त्याने आपट्याची पानं पुढे केली. "सोनं घ्या. मग? काय ठरलं? मी जागा ठेवलीय."

तिने पानं घेतली, फळ्याच्या चौकटीत खोचली. मग झारा कढईत घातला, एक फुगलेला वडा उचलला, तेल निथळू दिलं आणि त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, "साहेब, डबा आणलाय का?"

तो गोंधळला. मग पिशवीतून खरंच एक डबा निघाला. घरून बायकोने दिला असणार.

"किती घालू?" ती म्हणाली. "लवकर सांगा, मागे माझी माणसं उभी आहेत."

त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. "चार," म्हणाला. मग हळूच म्हणाला, "तीनच द्या."

तिने तीन घातले. "आणखी?" विचारलं. त्याने डब्यावर हात आडवा धरला, आणि तिने तो हात बाजूला सारून चौथा वर ठेवला.